अकरा मिनिटं

विमानतळाच्या दारात मी उभी असते
पुठ्ठ्यावर नाव लिहून.
माझ्या घड्याळात बारा, म्हणजे आत्ताच उजाडलंय;
आदिस अबाबात दिवस सूर्य उगवल्यापासून मोजतात.
बाहेर येणाऱ्याच्या मनगटावर सहा,
आणि अंगात कुठल्या देशाची रात्र आहे
ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

आजची बाई साओ पावलोची. इल्दा.
गळ्यात अजून ती मानेची उशी,
विमानातल्या मोज्यांवर चपला.
पुढचं विमान माझ्या सातला.
म्हणाली, सामान परस्पर बीजिंगला जातंय,
मीच तेवढी मधे उतरले.

मेसेलेची जुनी लाडा कण्हत कण्हत एन्तोतो चढली.
निलगिरीचा वास. धुकं.
वरून मोळ्या घेऊन बाया येत होत्या, कमरेत वाकलेल्या.
इल्दाची दुर्बीण आपसूक त्यांच्यावर गेली
आणि लगेच खाली आली.
मी काही बोलले नाही.
पहिल्या तासात सगळ्यांचंच असं होतं.

मग डोमकावळा दाखवला, कोयत्यासारख्या चोचीचा,
मानेमागे कुणी चुन्याचा हात पुसल्यासारखा.
फुलावर उलटा लटकलेला शिंजीर दाखवला.
तिने वहीत लिहिलं, व्यवस्थित, रकाने पाडून.

पण थांबली ती नळाजवळच्या चिखलात,
शेपूट हलवणाऱ्या पिवळ्या धोब्यापाशी.
हा इथला नाही, मी म्हटलं,
उत्तरेकडचं बर्फ वितळलं की जाईल.
किती दिवसांचा थांबा?
पाचेक महिन्यांचा.
बापरे, म्हणाली, एवढ्यात तर माणूस इथलाच होईल.
आणि हसता हसता चष्मा पुसत राहिली, बराच वेळ.

यिर्गाचं मी तिला सांगितलं नाही.
माझा भाऊ. धावपट्टीवर नोकरीला.
काम एकच: पक्षी हाकलायचे.
भोंगा, शिट्टी, बार काढणारी बंदूक.
रात्री आम्ही एका ताटात इंजेरा तोडतो;
मी काय दाखवलं ते मी सांगते,
त्याने काय उडवलं ते तो.
कधी कधी पक्षी तोच निघतो.
नावं त्यालाच जास्त येतात.
म्हणतो, ओळखलं की कळतं कशाला भितो,
मग मारावा लागत नाही.

आज म्हणाला, सातच्या सुमाराला
शराट्यांचा थवा गवतात उतरला,
गळ्याखाली लोळी लोंबणाऱ्या, आपल्याच.
बार काढले तरी ढिम्म. किडे टिपत बसल्या.
एक विमान अकरा मिनिटं खोळंबलं.

कुठे जाणारं, ते मी विचारलं नाही.

इल्दाची उशी लाडात राहिली होती.
मेसेलेने ती आणून दिली, मी खुंटीला अडकवली.
खिडकीची जागा मिळाली असेल तिला, असं धरून चालते.
त्या अकरा मिनिटांचे
मी पैसे लावत नाही.