जाळरेषा

शिमग्याला अजून आठ दिवस होते.
दुपारी तीनला आईचा फोन:
"वरच्या अंगाला धूर हाय. तू नको येऊ."
म्हणजे ये.

कराडहून पाटण, पाटणहून वर,
आणि प्रत्येक वळणावर डोंगराच्या कमरेला
एक नारिंगी करगोटा
आवळत आवळत खाली येताना दिसायचा.
वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या
नेहमीसारख्या फिरत होत्या.
त्यांना वारा म्हणजे नुसता वारा.

वणव्याला आवाज असतो हे मला ठाऊक नव्हतं.
कुणी कोरी लुगडी एकामागून एक
फाडत चाललंय, तसा.

आप्पा उघड्या अंगानं, हातात निरगुडीचा डहाळा,
जळत्या कडेला झोडपत होते.
आई ओढ्यातून घमेली भरून आणत होती.
आणि आप्पांच्या उजव्या हाताला, चार पावलांवर,
दुसरा डहाळा उठत होता, पडत होता.
हिंदुरावतात्या.
अकरा वर्षं बोलणं नाही.
लग्नाला पत्रिका नाही, मयताला खांदा,
तोही एकमेकांकडे न बघता.

भांडण एका पट्ट्याचं.
तात्यांच्या बांधापासून सोळा हात रुंद,
तात्या म्हणायचे माझा, आप्पा म्हणायचे माझा,
मोजणीचे पैसे कुणी भरायचे
यावरून मोजणी राहिली ती राहिलीच.
म्हणून त्यातलं गवत कुणीच कापायचं नाही.
दर माघात दोघे जाळरेषा काढायचे,
आपापल्या बाजूनं, अगदी मन लावून,
आणि पट्ट्याशी येऊन थांबायचे.

आग तिथूनच आली.
छातीएवढ्या वाळल्या कुसळीतून,
पाहुण्याला वाट मोकळी ठेवावी, तशी.

आमच्याकडे वणवा विझला म्हणत नाहीत, बसला म्हणतात.
रात्री दीडला तो ओढ्याच्या धोंड्यांत बसला.
तात्या डहाळा टाकून निघून गेले.
आईनं पुढं केलेला तांब्या मात्र
त्यांनी उभ्यानं रिकामा केला.

सकाळी तलाठी आले.
काजू बावीस. आंब्याची कलमं नऊ.
वैरणीची गंज एक.
ठिबकच्या नळ्या, वितळून जमिनीला चिकटलेल्या,
मेलेल्या धामणींसारख्या.
"जनावर?"
"दावी कापून सोडली हुती," आई म्हणाली.
टिटवीची अंडी त्यांनी लिहिली नाहीत.
चार होती, खड्यांत खड्यांसारखी.
मी एक उचललं.
अजून कोमट होतं.
टिटवी डोक्यावरून ओरडत गेली, परत आली.

कुणी लावली?
चावडीवर तीन नावं निघाली,
दुपारच्या चहापर्यंत तिन्ही पुसली गेली.

तिसऱ्या दिवशी आप्पा घरी आले नाहीत म्हणून बघायला गेले.
आमच्या काजूंच्या ओळीआत करवंदीची जाळी होती,
तिथं आता काहीच नव्हतं,
आणि त्या काहीच नसण्यात एक दगड उभा होता.
गुडघ्याएवढा, माथ्यावर छिन्नीची फुली,
जुन्या मोजणीचा.
आप्पा दाव्यानं अंतर घेत होते
तात्यांच्या बांधापासून.
एकदा. मग पुन्हा.
सोळा हात भरले नाहीत.
एकवीस भरले.
तात्या मागत होते त्याहून पाच हात जास्त.

रात्री त्यांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.
मी विचारणार होते.
आईनं डोळ्यांनीच नको म्हटलं.

पाटणहून नव्या नळ्या आल्या
तेव्हा आप्पांनी त्या स्वतः अंथरल्या.
दगडाशी आल्यावर खिशातून करवतीचं पातं काढलं,
नळी कापली, टोक दुमडून सुतळीनं बांधलं.
पलीकडे आमची काजूंची एक ओळ उभी आहे,
सात झाडं,
चारांच्या बुंध्याशी हिरवं फुटलंय.
त्यांना पाणी कुणी घालायचं
यावर अजून कुणी काही बोललेलं नाही.

तात्यांनी दगड पाहिलाय का, माहीत नाही.
राखेत त्यांच्या पायताणाचे ठसे होते,
टायरच्या तळव्याचे,
दगडापर्यंत येऊन मागं वळलेले.
आप्पांच्या आधीचे की नंतरचे,
ते राखेवरून सांगता येत नाही.