रात्री नऊनंतर

प्रश्न सगळीकडे तेच.
लाल दिवा का लागलाय.
वायफाय म्हणजेच इंटरनेट का.
पावसाचं पाणी तारेत शिरतं का.
रात्री बंद ठेवलं तर बिल कमी येईल का.

मी शिडी गाडीवर बांधते,
चिलोएहून पहिल्या फेरीबोटीनं किंचाओ बेटावर उतरते
आणि दारोदार तीच उत्तरं वाटत जाते,
पाववाल्यासारखी, गरम आहेत तोवर.

एदेल्मिराबाईंना म्हटलं, राउटर फ्रीजवरून काढा,
मायक्रोवेव्हशेजारी तर मुळीच नको.
त्यांनी त्याला लोकरीचा अंगरखा विणला होता,
अँटेनांसाठी दोन बाह्या.
म्हटलं, बाई, त्याला थंडी वाजत नाही, उलट उकडतं.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी कुणाचं तरी पोर उघडं करतेय.

शाळेच्या मास्तरांना हवं होतं
शंभर एमबीपीएस म्हणजे नक्की किती.
नळ समजा, म्हटलं. पाणी नव्हे, नळाची रुंदी.
ते म्हणाले, आमच्याकडे विहीर आहे.

शेवटचं घर कुस्तोदियो नावेल्किनचं.
तक्रार: रात्री नऊनंतर हळू.
नेहमीचं उत्तर जिभेवर होतंच:
त्या वेळी सगळं बेट मालिका बघतं, फुटबॉल बघतं,
एकाच पायवाटेवर सगळ्यांची मेंढरं.
तरी तपासलं. तार ठीक. खोका ठीक.
जोडलेली उपकरणं तीन.
म्हातारा म्हणाला, माझ्याकडे दोनच आहेत.
तिसरं रोज नऊला यायचं, दहाला जायचं,
जेवायला बोलावल्यासारखं वक्तशीर.

पासवर्ड कुणाला दिलात?
कुणाला नाही.
काय ठेवलाय?
जुन्या होडीचं नाव.
होडी कुणाची?

तो खिडकीबाहेर पाहू लागला.
कुंपण. पलीकडे बटाट्याचं शेत, पत्र्याचं धुराडं,
आणि त्याचा भाऊ एलियासार,
ज्याच्याशी तो होडी विकल्यापासून बोललेला नाही.
एकोणीस वर्षं.

बदलून देते, म्हटलं, दोन मिनिटांचं काम.
एक मोठं अक्षर, एक आकडा, एखादं चिन्ह,
असं काहीतरी जे सख्ख्या भावालाही सुचणार नाही.

त्यानं शेगडीत लाकूड सरकवलं. किटली उगाच हलवली.
मग विचारलं
जे आमच्या छापील पत्रकात नाही:
नऊला काय बघतो तो, कळतं का?

ते नाही कळत. एवढंच दिसतं
की येणं आणि जाणं सारखंच आहे.
म्हणजे बघत नाही. बोलतो कुणाशी तरी.

"त्याची नात," तो म्हणाला. "पुंता आरेनासला असते.
तिला बाळ झालंय म्हणे. दुकानात कानावर आलं."
बराच वेळ नुसती किटली.
"मग चेहरा अडकत असेल ना?
बाळ हसता हसता मध्येच?"

अडकत असेल.

वरच्या प्लॅनचे दर सांगितले,
महिन्याला चार हजार पेसो जास्त.
त्यानं सही केली, सावकाश,
खोल पाण्यात नांगर सोडावा तशी.
आणि पासवर्ड?
"राहू दे तोच."

अंगणात त्याचं कुत्रं माझ्या शिडीवर भुंकलं.
कुंपणापलीकडे कुणीतरी पडदा सोडला.
फॉर्मवर बिघाडाचं कारण लिहावं लागतं,
मी हवामान लिहिलं;
इथे ते नेहमीच असतं, ऑफिसात कुणी विचारत नाही.

धक्क्याकडे वळताना एदेल्मिराबाईंची खिडकी लागते.
राउटर फ्रीजवर.
अंगरखा चढवलेला, बटणं लावून.