निव्वळ

गळ्यातल्या पट्टीवर माझं नाव तुटून छापलेलं:
पायमोडका त, पायमोडका स, आणि लांब एकटा ना.
टेबलामागची पोरगी म्हणाली,
सॉरी मॅम, फॉन्टचा प्रॉब्लेम आहे.
हजार माणसं येणार होती त्या हॉलात,
त्यातली निम्मी असले प्रॉब्लेम सोडवून पगार घेणारी.
मी म्हणलं, राहू द्या.

सेलूहून पहाटेची गाडी. परतूर, जालना,
मग संभाजीनगर, मग रिक्षा, मग काचेचं दार,
जे मी ढकलत होते आणि ते ओढायचं होतं.
आत गारठा. कॉफी फुकट, पिशवी फुकट,
टी-शर्ट असा की त्यात मी आणि धाकटी दोघी मावू.
प्रत्येकाच्या लॅपटॉपची पाठ स्टिकरांनी भरलेली.
माझ्यावर एकच:
बालाजी जिनिंग, धर्मकाटा चोवीस तास चालू.

शेजारी व्यंकटेश नावाचा एक जण, मूळचा औशाचा.
माझ्या मशीनचा पंखा घरघरत होता,
लोक वळून बघत होते.
त्यानं खिशातून बारीक पेचकस काढला,
न विचारताच पाठ उघडली,
आणि आतून निघाला कापूस.
चिमूटभर नाही, मूठभर.
एका हंगामाचा नसणार, तीन-चार तरी.
कुठं असता, त्यानं विचारलं.
काट्यावर, म्हणलं.
तो हसला नाही. पुंजका कागदी कपात ठेवून
कप माझ्याकडं सरकवला.

मंचावरचे बोलत होते
सेकंदाला लाखभर विनंत्यांबद्दल, ढगात ठेवलेल्या.
मला अर्धं कळत होतं.
उरलेल्या अर्ध्याची चित्रं इतकी देखणी होती
की न कळताच वहीत काढून घेतली.
माझ्याकडं दिवसाला दोनशे गाड्या, सीझन संपला की चाळीस.
एक बटण भरल्या गाडीचं, एक रिकाम्या गाडीचं,
पहिल्यातून दुसरं वजा,
खाली छापायचं: निव्वळ.
एवढाच माझा प्रोग्राम. आठ वर्षं चालतोय.

चहानंतर फळ्यावर कोरे चौकोन आखले.
पाच मिनिटं, कुणीही या.
मी नाव लिहिलं, हातानं, त्स्ना नीट जोडून,
आणि मग तीनदा बाथरूमला जाऊन आले.

माईक हातात आला तेव्हा
रात्रभर पाठ केलेलं इंग्रजी वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक.
निघालं ते सेलूचं:
बगा, ड्रायव्हर उतरतोय.
भरली गाडी काट्यावर येते तेव्हा तो आत बसलेला असतो.
माल टाकून रिकामी येते तेव्हा खाली उभा, बिडी ओढत.
दर खेपेला सत्तर किलो कापूस
हवेतून पिकतो.
पहिली दोन वर्षं मी चूक कोडात शोधत होते.

लोक हसले. मग एकदम गप्प झाले,
म्हणजे हिशोब करत होते.
मागून एकानं विचारलं, मग सोडवलं कसं?
सेन्सर? कॅमेरा?
मी म्हणलं, खिडकी आहे.
मी बघते.

पाचातली दीड मिनिटं उरली होती,
ती मी परत केली.

परतीच्या गाडीत पट्टी गळ्यातच राहिली.
समोरच्या बाई म्हणाल्या, कुठल्या दवाखान्यात असता?
नाही म्हणणार होते,
पण मग सगळं समजावायचं कसं,
म्हणून म्हणलं, सेलूच्या.
मग परतूरपर्यंत त्यांचा गुडघा ऐकला.

सकाळी सातला मुनीरभाई काट्यावर.
काय आणलं मोठ्या शहरातून?
मी कप पुढं केला.
त्यांनी पुंजका दोन चिमटीत धरून हळू ओढला,
धागा किती लांब बघतात तसा,
डोळ्याजवळ नेला.
पार मेलाय, म्हणाले. हा कुठला माल?
आपलाच, म्हणलं.

बाहेर रिकामा ट्रॅक्टर काट्यावर चढला होता.
ड्रायव्हरचा एक पाय जमिनीवर,
दुसरा अजून पायरीवर.
मी काचेवर अंगठी वाजवली.