सोळा डिसेंबर, सकाळी सहा दहा

उणे एकोणीस. इंजिन खोकतंय.
काचेवरचं बर्फ सुटेपर्यंत
मी हात काखेत धरून बसते.
काल संध्याकाळी सात वाजता
पोरांच्या फोनवर निकाल आले म्हणे.
मला कुणी काही सांगितलेलं नाही.
पण बावीस वर्षं ही पिवळी बस चालवतेय,
फोर्ट केंटच्या या नदीकाठच्या रस्त्यावर.
आरशात बघितलं की कळतं.

पूर्वी पाकिटं यायची.
जाड म्हणजे हो, पातळ म्हणजे नाही.
पोस्टातली बर्नडेट हातात तोलूनच ओळखायची
आणि दिवसभर जीभ चावून बसायची.

डेगलांच्या बटाट्याच्या गोदामापाशी रेमी चढतो.
मागून त्याचा बाप
ट्रॅक्टरचा दिवा दोनदा मिचकावतो, मला.
म्हणजे हो.
पण पोरगा हसत नाही.
नोव्हेंबरातच शब्द देऊन बसलाय:
घेतलंत तर येईन, दुसरं दार बघणार नाही.
आता घेतलंय त्यांनी.
आणि फीच्या कागदावर खाली जो आकडा उरतो
तो म्हणजे त्यांचा अख्खा सप्टेंबर,
खणलेला, धुतलेला, पोत्यांत भरलेला.
रेमी टोपी डोळ्यांवर ओढतो.

कॉलिन मिशो रोज शेवटच्या बाकावर.
आज माझ्या पाठीमागेच बसला.
'नाही म्हणाले,' असं खिडकीला सांगितलं.
दोन मैल गप्प.
मग, 'तुमची बस कधी वाटेत बंद पडली?'
'कितीतरी वेळा.'
'मग?'
'मग काय, बसून राहिलो. गारठलो.'
'हं,' म्हणाला,
आणि पहाटे साडेसहाला
दुपारचं सँडविच काढून खायला लागला.
दोन्ही गालांत भरून.

जोसलिन ओलेट.
टपालपेटीजवळ उभी, पाठीवर व्हायोलिन.
दार उघडलं तरी चढेना.
एक बूट पायरीवर, एक बर्फात.
'मार्चमध्ये बघू म्हणाले,' ती म्हणते.
हो नाही. नाही नाही.
बघू.
लहान पोरं खेळतात ना, तळ्यात, मळ्यात,
तसं कुणीतरी हाक देता देता
घरी जेवायला निघून गेलंय
आणि ही रेघेवर तशीच उभी.

घड्याळात तीन मिनिटं उशीर.
शाळेत विचारतील, मी रस्त्यावर ढकलेन.
काय बोलायचं असतं अशा वेळी?
मी तर कुठे अर्जच केला नव्हता,
आईच्या जागी कागद गिरणीत लागले,
गिरणी बंद पडली तेव्हा बस.
ती बुटाच्या टाचेनं बर्फ कुरतडतेय.
मी दाराची कळ सोडत नाही.
सगळी ऊब बाहेर चाललीय, धुरासारखी.
मागे चौदा पोरं कुडकुडताहेत.
एरवी कोकलली असती.
आज कुणी
दार लावा म्हणत नाही.