कुसळं

धरमपेठेत, चष्म्याच्या दुकानात,
दिवसाला तीस-पस्तीस वेळा मी विचारते,
"हे बरं, की हे?"
भिंग बदलते. पुन्हा विचारते.

पळते आठवड्यातून तीनदा.
लॉ कॉलेज चौक ते फुटाळा, आणि परत.
डांबर ओळखीचं, गतिरोधक ओळखीचे,
टपरीवरचा कुत्रा आता भुंकत नाही,
नुसता एक कान उचलतो.

"मॅडम, जंगलात पळून पाहा न एकदा,"
काचा घासता घासता प्रज्वल म्हणाला,
"बाराच तर किलोमीटर आहे."
तो तेवीसचा. मी सत्तेचाळीसची.
पैसे भरले. टी-शर्ट एक माप मोठा आला.

गोरेवाड्यात डिसेंबरातले सकाळचे सहा.
शेजारची पोट्टी जागच्या जागी उड्या मारून राहिली होती,
मी छातीवरचा दोनशे अठरा
चौथ्यांदा पिनेने सरळ केला.

पहिला एक किलोमीटर मुरूम. तो जमला.
मग पायवाट, सागाची पानं
पापडासारखी मोडणारी,
आणि पानाखाली काय आहे
ते पान सांगत नाही.
रस्त्यावर मी लांब बघत पळते.
इथे नजर चार पावलं पुढे गेली
की अंगठा ठेचतो.
चाळिशीवाल्यांना मीच समजावते,
जवळचं नि लांबचं एकाच काचेत बसतं हो,
पंधरा दिवस लागतात सवय व्हायला.
मला बारा किलोमीटर मिळाले होते.

पहिल्या उभ्या चढाला
पळणारे सगळे चालायला लागले.
कोणालाच लाज वाटत नव्हती.
हे आधी कोणी सांगितलं असतं
तर मी कधीच आले असते.

पळसाच्या फांदीला नारिंगी फीत,
पुढच्या झाडाला फीत,
मग वाटेला दोन फाटे, आणि फीत नाही.
हे बरं, की हे?
डावीकडे वळले.
गवत कमरेला लागेस्तोवर पळत राहिले.

गवताचा भारा बांधणारा माणूस वर न बघता म्हणाला,
"कुठी चालल्या बाई? तुमची माणसं तिकून गेली."
"किती वेळ झाला?"
"झाला असन बिडीभर."

परत फिरले.
घड्याळाने चुकलेलं अंतरही मोजलं होतं.

फाट्यावर एक म्हातारा उभा,
पांढऱ्या मिशा, पायात कॅनव्हासचे जोडे,
दोन्ही खिशांतून नारिंगी फिती लोंबणाऱ्या.
लांजेवार, वीज मंडळातून रिटायर.
सगळे पुढे गेले की मागून फिती सोडत यायचं,
हे त्यांचं काम.
"इथली एक बकरीनं खाल्ली वाटते," ते म्हणाले.
"मी शेवटची आहे का?"
"शेवटचा मी. तुम्ही माह्या पुढं."

मग पाच किलोमीटर मी पुढे
आणि मागे गाठी सुटल्याचा बारीक आवाज.
एकदाच वळून पाहिलं.
मी आले ती वाट
कुठून आली होती, ओळखू येईना.
सगळा सागच साग.

शेवटची कमान, तिची हवा काढणं सुरू होतं.
माझ्यासाठी दोन मिनिटं थांबले.
प्रज्वलचं तोंड भरलेलं, हाताने टाळी.
पोहे होते, तर्री संपली होती.
भांड्याच्या कडेला लागलेली तर्री
लांजेवारांनी डावाने खरवडून
माझ्या प्लेटीत घातली.
स्वतः कोरडे खाल्ले.

सोमवारी दुकान.
खुर्चीत एक काका, नाकावर जड फ्रेम,
"हे बरं, की हे?"
ते बराच वेळ काही बोलत नाहीत.
एरवी मी तिसऱ्यांदा विचारलं असतं.
"पहिलं परत दाखवा," ते म्हणतात.

डोळ्यातल्या कुसळाची म्हण सगळ्यांना पाठ.
मोज्यातल्या कुसळाला म्हण नाही.
दोनदा धुतला मोजा, तरी एक राहिलंच,
घोट्याशी,
मी भिंग बदलते
आणि ते बसल्या जागी
आत आत चालून राहिलं.