वर वेलांटी, खाली उकार

क्रमांक अकराशे त्रेसष्ट. एकच पान.
मागची पुढची कुठे गेली,
याबद्दल नोंदवहीत आडवी रेघ.

नेंगा कार्सी ते पत्र्याच्या डब्यातून काढते,
हातभर लांब, दोन बोटं रुंद,
आणि फडक्यावर निजवते.
उद्या सरस्वतीचा दिवस:
पोथ्यांना फुलं, भात, उदबत्ती,
आणि वाचायला बंदी.
दोनशे दहा दिवसांनी एकदा
बालीत अक्षरांना सुट्टी मिळते.
म्हणून आजच, चारच्या आत.

आधी गवती चहाचं तेल.
मग रानअक्रोडाची काजळी, अंगठ्याने, अख्ख्या पानावर,
इतकी की वाटावं, बाईने पान वाया घालवलं.
मग पुसायचं.
सुरीने जिथे कोरलंय तिथेच काळं राहतं
आणि शंभर वर्षांपूर्वीचा कुणीतरी
बोलू लागतो, जरा घाईत.

नद्या आहेत. पाण्याचं तीर्थ करताना म्हणायच्या.
गंगा, सिंधू, सरस्वती, विपाशा.
लिहिणाऱ्याने यातली एकही पाहिली नसणार.
सिंगराजाच्या बंदरापलीकडे तो गेला असेल
असं त्याच्या वळणावरून वाटत नाही.
शेवटी माफीही मागितलीय त्याने:
अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय,
हसू नका, शिकतोय अजून.
नेंगा दर वेळी हसते.

मधोमध दोरीचं भोक.
ओळ त्याला वळसा घालून जाते, गल्ली झाडाला घालते तसा.
आणि भोकाच्या अलीकडे
एक चुकलेलं अक्षर.

ताडाच्या पानावर खोडता येत नाही,
कोरलं ते कोरलं.
म्हणून इथली रीत अशी:
चुकल्या अक्षराला वर वेलांटी द्यायची
आणि खाली उकार.
दोन्ही एकदम.
मग ते उच्चारताच येत नाही.
जीभ त्याच्यापाशी अडखळते
आणि पुढच्या अक्षरावर पाय टाकते.

काय लिहीत होता?
गावच्या ओढ्याचं नाव आलं असेल हाताला
गंगेच्या पंगतीत.
मग भानावर आला.

काडेक शाळेतून आलाय, दारात उभा,
एक चप्पल पायात, एक हातात.
काडेक म्हणजे दुसरा. इथे नावं अशीच,
पहिला पुतू, दुसरा काडेक.
नवे मास्तर विचारतात, थोरला कितवीत?
घरात पुतू म्हणून कुणाला हाक जात नाही.
तरी दुसऱ्याला कुणी पहिला केला नाही.

नेंगा पान उजेडात तिरकं धरते.
काजळी त्याही अक्षरात भरलीय,
बाकीच्यांत भरलीय तेवढीच.

"ये. हात नको लावूस. वाच."
तो वाचतो, लावून लावून:
वि-पा-शा, कौ-शि-की,
आणि थांबतो.
"हे काय आहे?"
"आहे," ती म्हणते. "पुढे वाच."
"यमुना."