नदी अजून डोंगरावर आहे

नदी अजून डोंगरावर आहे,
बर्फ होऊन बसलीय निवांत.
आणि आम्ही इथे, जॉर्डन व्हॅलीत,
मायतेच्या स्वयंपाकघरात
तिच्या येण्याच्या तारखेवरून भांडतोय.

ओवायही. ओरेगॉनच्या वाळवंटातली.
पाच-सहा आठवडे नदी,
मग वर्षभर गोटे आणि डबकी.

टेबलावर नकाशा. तिसरा खळाळ
नेमका घडीत फाटलाय.
उतरायचं रोमला.
ते रोम नव्हे; इथे एक पेट्रोल पंप
आणि सम्राट कुणीच नाही.

मी पहाटे उठून आधी आकडा बघतो:
सातशे चाळीस क्युसेक.
हजाराच्या खाली राफ्ट खडकावर बसते
म्हशीसारखी, उठवून उठत नाही.
चार हजारांच्या वर
नदी आपल्याला काही विचारत नाही.

"कयाकच नेऊ," ऑरिन म्हणाला, "हलकं काम."
"मग संडासाची पेटी कोण नेणार?" मायते.
सहा दिवसांचं आपलं आपणच परत आणायचं,
शेकोटीची राखसुद्धा.
वाळवंटाला काही पचत नाही.
वेंडेल एकदम कांदे मोजायला लागला.

मग मी लिओलाला फोन लावला.
एकतीस वर्षं ती लोकांच्या गाड्या
रोमहून बर्च क्रीकला पोचवते.
"किल्ली डाव्या चाकावर ठेवा.
पाऊस झाला तर मी येणार नाही,
तो रस्ता साबण होतो."
दर वर्षी हेच, याच क्रमानं.

नदीची दोन टोकं पाहिलीत तिनं.
मधली नाही.

का कोण जाणे, मी म्हणालो,
राफ्टमध्ये एक जागा आहे.
पलीकडे कुत्रं भुंकलं, दार आपटलं,
मला वाटलं, फोन ठेवला.
"आणि गाड्या कोण नेईल?"
असं विचारलं तिनं,
म्हणजे नाही म्हणाली नाही.

ऑरिननं काही न बोलता
कयाकवर काट मारली.
मायतेनं यादीत लिहिलं:
लाइफ जॅकेट, लहान मापाचं.
गाड्यांचं अजून ठरलेलं नाही.
वेंडेलचा मेहुणा तयार आहे,
पण त्याला कुणीच किल्ली देणार नाही.

तारीख पेन्सिलीनं लिहिलीय.
आज दुपारी वळचणीवरून
बर्फाच्या पागोळ्या गळत होत्या.
मी खाली बादली ठेवली,
उगाच,
किती भरते ते बघायला.

सातशे बावन्न.